ऑटोफोकसला आधी काय सांगायचं?

वडूजच्या परिसरात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याला विषयांची ददात नाही. हिवाळ्यात येरळवाडीच्या जलाशयावर रोहित पक्षी उतरतात. मायणी आणि सूर्याचीवाडीच्या तलावांवर पट्टकादंब, चक्रवाक येतात. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा आणि पुसेगावला सेवागिरी महाराजांचा रथ निघतो. बैलगाडी शर्यतींची मैदानं भरतात, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. या सगळ्या ठिकाणी फोटो काढणाऱ्यांची तक्रार मात्र एकच असते: प्रसंग सापडला, चौकट जमली, पण फोटो शार्प आला नाही. मग पहिला संशय लेन्सवर जातो, दुसरा कॅमेऱ्यावर. हप्त्यावर महागडी लेन्स घेतली जाते आणि फोटो तसेच मऊ येत राहतात.

लेन्स बदलण्याआधी जुने फोटो संगणकावर पूर्ण मोठे करून नीट बघा. फोटो बिघडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. पक्षी मऊ आला आहे पण त्याच्या मागचं लव्हाळं पात्यापात्यांनी कडक दिसतंय, तर फोकस चुकीच्या जागी बसला. सगळीच चौकट एका दिशेने फरफटल्यासारखी दिसते, दिव्याच्या ठिपक्याची रेघ झाली आहे, तर हात हलला. मागचं कुंपण स्पष्ट आहे आणि बैलाचे पाय तेवढे पुसले गेलेत, तर शटर स्पीड कमी पडला. आणि दिशा नाही, रेघ नाही, कुठेच धार नाही, सगळं दुधाळ दिसतंय, तर लेन्सची काच मळकी आहे किंवा मधली हवा तापलेली आहे. ऑटोफोकसची सेटिंग यांतल्या फक्त पहिल्या दुखण्यावर चालते. बाकीच्यांना तिचा उपयोग शून्य.

म्हणून हात आणि शटर स्पीड यांचा हिशेब आधी मिटवून टाकू. किट लेन्स ज्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांबरोबर मिळते, त्यांवर ३०० मिलिमीटरची लेन्स हातात धरायची तर शटर किमान १/५०० हवा. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या बैलाला थांबवत नाही. उभ्या माणसाला १/२०० पुरतो. पळत्या बैलाला १/१००० च्या खाली जाऊ नका. उडत्या पक्ष्याला १/१६०० किंवा त्याहून वेगवान ठेवा. आयएसओ वाढला की दाणे येतात म्हणून घाबरणारे खूप आहेत. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो मात्र कुठलंही सॉफ्टवेअर पुरता सावरू शकत नाही.

आता फोकस. बाजारात मोठ्या प्रमाणावर आलेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा म्हणजे कोनिकाचा सी३५ एएफ, साल १९७७. १९८५ मध्ये मिनोल्टाने आपल्या ७००० या कॅमेऱ्यात ऑटोफोकसची सगळी यंत्रणा बॉडीतच बसवली. १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिका काढली आणि मोटर लेन्समध्ये नेली. २०१३ च्या ७०डी मध्ये चित्र टिपणाऱ्या सेन्सरचेच पिक्सेल दोन भागांत वाटून त्यांच्याकडून फोकस मोजायचं काम घेतलं गेलं. एवढं सगळं बदललं तरी यंत्राची मूळ गरज बदललेली नाही. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेला प्रकाश ते ताडून बघतं, दोन्ही प्रतिमा किती सरकल्या आहेत ते मोजतं, आणि त्यावरून लेन्स कुठल्या दिशेला किती फिरवायची ते ठरवतं. हे ताडून बघायला त्याला काहीतरी पकड लागते: उजेड-अंधाराची कड, रेघ, नक्षी. खिलार बैलाची पांढरीशुभ्र कूस, धुवट धोतर, निरभ्र आकाश, वारा नसलेलं पाणी, यांच्यात अशी पकडच नसते. तिथे फोकस पॉइंट ठेवला की लेन्स पुढे-मागे फिरत राहते, करकरते, आणि शेवटी भलत्याच ठिकाणी थांबते.

यावरचा उपाय सोपा आहे. त्याच अंतरावरची कड शोधा. बैलाच्या कुशीऐवजी डोळा, शिंगाचं मूळ, वेसण किंवा म्होरकी धरा. धोतराऐवजी सदऱ्याची गुंडी किंवा फेट्याची चुणी. आणि आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल हे लक्षात ठेवा: कॅननच्या १५००डी मध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना नऊ फोकस पॉइंट असतात, निकॉनच्या डी३५०० मध्ये अकरा, पण दोन्हींत फक्त मधला पॉइंट क्रॉस टाइप आहे. म्हणजे उभी आणि आडवी अशा दोन्ही रेषा तोच ओळखतो. कडेचे पॉइंट एकाच प्रकारच्या रेषेवर चालतात. कडेचा पॉइंट फोकस पकडत नसेल तर कॅमेरा थोडा तिरका करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. उजेड कमी असेल तर सरळ मधला पॉइंट वापरा.

या यंत्राला अंतर मोजता येतं. तुम्हाला त्या चौकटीतलं काय हवं आहे, ते त्याला कळत नाही. म्हणून बोट दाबण्याआधी तीन गोष्टी तुम्ही ठरवायच्या आणि मेन्यूतून त्याला सांगायच्या. नेमकं कुठे शार्प हवं? समोरचा विषय हलणार आहे की नाही? आणि तुमच्या-त्याच्या मध्ये काही आडवं येणार आहे का? ऑटोफोकसच्या मेन्यूतली बहुतेक सेटिंग्ज या तीन प्रश्नांपैकी कशाचं तरी उत्तर असतात. नावं कंपनीगणिक बदलतात, प्रश्न तेच राहतात.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. वडूजला दरवर्षी ९ सप्टेंबरला हुतात्म्यांना अभिवादन केलं जातं. १९४२ मध्ये याच दिवशी परशुराम घार्गे यांच्या नेतृत्वाखाली कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला होता. त्या सकाळी स्मारकाला पुष्पचक्र वाहून स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाचा फोटो घ्यायचा तर कॅननमध्ये 'वन शॉट' आणि निकॉन किंवा सोनीमध्ये 'एएफ-एस' हेच योग्य. बोट अर्धं दाबलं की फोकस बसतो आणि तिथेच राहतो. पण तीच माणसं मिरवणुकीने तुमच्याकडे चालत येत असतील तर फोकस बसल्यापासून बटण पूर्ण दाबेपर्यंत ती पाऊलभर पुढे आलेली असतात. तिथे 'सर्व्हो' किंवा 'एएफ-सी' लावा. या पद्धतीत बोट दाबून आहे तोवर कॅमेरा अंतर मोजत राहतो आणि पुढच्या क्षणी विषय कुठे असेल याचा अंदाजही बांधतो. तिसरी सेटिंग 'एआय फोकस' किंवा 'एएफ-ए'. यात विषय हलतो की नाही हे कॅमेराच ठरवतो. काही नवीन कॅमेऱ्यांत हीच आधीपासून लावलेली असते. माझं स्पष्ट मत आहे की ती बंद करावी. संथपणे हलणाऱ्या विषयाच्या बाबतीत ती अनेकदा उशिरा जागी होते, आणि प्रसंग तेवढ्यात निघून जातो.

मैदानावर

बैलगाडी शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. परवानगी मिळाल्यापासून खटाव-माणच्या माळावर मैदानं पुन्हा भरतात आणि प्रत्येक मैदानात कॅमेरेही दिसतात. ऑटोफोकसची एवढी कठीण परीक्षा दुसरीकडे क्वचितच होते, म्हणून इथे जरा थांबू.

हिशेब करून बघा. बैल ताशी ३६ किलोमीटरने पळतोय असं धरलं, तरी तो सेकंदाला १० मीटर पुढे येतो. डीएसएलआरमध्ये बटण पूर्ण दाबल्यापासून आरसा वर जाऊन शटर उघडेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग गेला, तर बैल अर्धा मीटर सरकलेला असतो. छोट्या सेन्सरवर २०० मिलिमीटरची लेन्स, एफ/४ अपर्चर आणि बैल २० मीटरवर असेल, तर शार्प दिसणारा पट्टा पुढे-मागे मिळून साधारण दीड मीटरचा. बैलाच्या नाकापासून गाडीवरच्या चालकापर्यंतचं अंतर याच्या दुप्पट तरी असतं. मग एफ/४ वर बैलाचं तोंड आणि चालकाचा चेहरा दोन्ही शार्प कसे येणार? एफ/८ करा, तो पट्टा तीन मीटरच्या आसपास जातो. दुपारचं स्वच्छ ऊन असेल तर आयएसओ ४०० ला एफ/८ आणि १/१६०० सहज मिळतं. म्हणजे एफ/२.८ ची जड आणि महाग लेन्स नाही म्हणून मैदानात हळहळायचं कारण नाही. भर उन्हात साध्या टेली लेन्सनेही तोच फोटो निघतो.

फोकसची पद्धत अर्थात सर्व्हो. फोकस पॉइंट कोणता? सगळे पॉइंट चालू ठेवून कॅमेऱ्यावर सोपवलं तर तो सहसा सर्वांत जवळचं काहीतरी पकडतो, आणि मैदानात सर्वांत जवळ असतो कडेच्या प्रेक्षकाचा उंचावलेला हात, नाहीतर झेंडा. एकाच वेळी शेजारशेजारच्या चाकोऱ्यांतून अनेक गाड्या सुटतात, त्यांतली तुम्हाला हवी असलेली जोडी त्याला माहीत नसते. एकच पॉइंट ठेवला तर पळत्या बैलावर तो टिकवणं कठीण जातं. मधला मार्ग उत्तम: एक पॉइंट आणि त्याच्या आजूबाजूचे मदतनीस पॉइंट, निकॉनमध्ये 'डायनॅमिक एरिया', कॅननच्या वरच्या श्रेणीत 'एएफ पॉइंट एक्स्पान्शन'. मधला पॉइंट बैलाच्या कपाळावर ठेवा. तो क्षणभर घसरला तर शेजारचे सांभाळून घेतात.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत प्राण्यांचे डोळे ओळखायची सोय असते आणि ती कामाची आहे. पण ती मुख्यतः कुत्रा, मांजर आणि पक्षी यांच्यासाठी घडवलेली असते, काही कॅमेऱ्यांत घोड्यासाठीही. बैल त्या यादीत सहसा नसतो. कधी कॅमेरा बैलाचा डोळा धरतो, कधी चालकाचा चेहरा धरतो, कधी दोहोंच्या मध्ये घुटमळतो. शर्यतीच्या दिवशी प्रयोग करू नका. आधी कुणाच्या तरी गोठ्यापाशी, चालत्या बैलावर तपासून बघा. तुमच्या कॅमेऱ्याला ते जमत नसेल तर ओळख बंद ठेवून वरचीच पद्धत वापरा.

गाडी दूर असतानाच तिच्यावर फोकस धरायला सुरुवात करा. अंदाज बांधायला कॅमेऱ्याला थोडा वेळ लागतो. ऐन समोर आल्यावर बोट दाबलं तर पहिल्या दोन-तीन फ्रेम मऊ येतात, आणि हवी असलेली फ्रेम नेमकी त्यांतलीच असते. धुरळा उठला की कॅमेरा धुरळ्यावरच फोकस धरायला बघतो. तिथे तिसरा प्रश्न येतो, आडवं काय येणार? त्यासाठीची सेटिंग कॅननमध्ये 'ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी', निकॉनमध्ये 'लॉक-ऑन' आणि सोनीमध्ये 'एएफ ट्रॅक सेन्सिटिव्हिटी' अशा नावांनी मिळते. ती 'लॉक्ड-ऑन'कडे सरकवा. मग मध्येच कुणी आडवं गेलं तरी कॅमेरा घाई करत नाही, पहिल्या विषयाची वाट बघतो.

आणि उभं कुठे राहायचं? अंतिम रेषेच्या समोर, चाकोरीच्या तोंडाशी कधीही नाही. उधळलेली जोडी चाकोरी सोडून कुठेही वळते. आडोशाच्या मागे, बाजूने तिरकं उभं राहा. फोकससाठीही तेच बरं. सरळ अंगावर येणाऱ्या विषयाचं अंतर सर्वांत झपाट्याने बदलतं, तिरक्या येणाऱ्याचं त्यामानाने सावकाश, आणि चित्रात बैलाची झेपही दिसते.

पाण्याच्या काठावर

येरळा ही खटावच्या दुष्काळी पट्ट्यातून वाहत सांगली जिल्ह्यात उतरणारी आणि ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळणारी नदी. तिच्यावरचं येरळवाडी आणि त्या बाजूचे मायणी, सूर्याचीवाडी इथले तलाव पक्ष्यांचे ठेवे आहेत. मायणीच्या पाणस्थळांना २०२१ मध्ये संवर्धन राखीवाचा दर्जा मिळाला. इथे येणाऱ्या बहुतेकांची इच्छा एकच असते, उडत्या रोहितांचा थवा. त्यासाठी पक्ष्यांना हुसकावणं हा गुन्हेगारीच्या तोडीचा निर्दयपणा आहे. दूरवरून आलेला पक्षी चरायला बसलेला असतो. ते आपल्या वेळेने उडतात, तोवर थांबायची तयारी ठेवा.

इथल्या मऊ फोटोंचं सर्वांत मोठं कारण ऑटोफोकस नाही, तापलेली हवा आहे. ऊन चढलं की पाण्याच्या काठची कोरडी जमीन तापते, तिच्यावरची हवा थरथरू लागते, आणि १०० मीटरवरचा पक्षी कुठल्याही लेन्सने दुधाळ दिसतो. फोकस पॉइंट हिरवा होतो, कॅमेरा बीप करतो, फोटो तरी मऊच. सूर्योदयानंतरचे पहिले दीड-दोन तास एवढाच खरा वेळ. गाडीतून फोटो काढत असाल तर इंजिन बंद करा आणि काच पूर्ण खाली घ्या. गाडीतली ऊबदार हवा आणि बाहेरची गार हवा खिडकीशी मिसळतात तिथेही हीच थरथर असते. लेन्सच्या पुढे लावलेला स्वस्तातला यूव्ही फिल्टर टेली लेन्सची धार बोथट करतो, तो इथे काढून ठेवा.

रोहित बसलेला असताना त्याचं डोकं बहुतेक वेळ पाण्यात असतं आणि अंग फिकट, म्हणजे ऑटोफोकसला नको असलेल्या दोन्ही गोष्टी. एकच छोटा पॉइंट घ्या आणि मान जिथे अंगाला मिळते त्या घडीवर ठेवा. मान वर आली की डोळ्यावर न्या. ४०० मिलिमीटर, एफ/५.६ आणि ३० मीटर अंतर असेल तर छोट्या सेन्सरवर शार्प पट्टा सुमारे १.२ मीटरचा असतो. एकट्या पक्ष्याला तो पुरेसा आहे, थव्याला नाही. थव्यात कुणाला शार्प ठेवायचं ते तुम्ही ठरवा. माझा कल नेहमी सर्वांत पुढच्या पक्ष्याकडे असतो, कारण पुढचा मऊ आणि मागचा शार्प असं चित्र डोळ्याला खुपतं.

उडत्या थव्यासाठी सर्व्हो आणि मोठा झोन. मागे आकाश असेल तर मोठा झोन सुरेख चालतो, कारण पकडायला पक्ष्यांखेरीज काहीच नसतं. पंख उघडले की त्यांतला काळा आणि गुलाबी रंग ऑटोफोकसला हवी ती कड देतो. पण थवा डोंगराच्या किंवा झाडांच्या पार्श्वभूमीवर आला की मोठा झोन मागच्या झाडांवर घसरतो, तेव्हा पॉइंटांचा गट लहान करा. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर तो जवळचं अंतर वगळून ठेवा. पक्षी हातातून निसटला तरी लेन्स अगदी जवळच्या अंतरापासून शोधत बसत नाही. थवा येण्याआधी साधारण तेवढ्याच अंतरावरच्या कशावर तरी फोकस करून ठेवण्याची सवयही लावून घ्या.

काठच्या लव्हाळ्यात किंवा शाळूच्या ताटांत बसलेला पक्षी हा वेगळाच पेच आहे. तिथे झोन, ट्रॅकिंग सगळं बाजूला ठेवा. सर्वांत लहान एक पॉइंट, 'स्पॉट' किंवा 'पिनपॉइंट', आणि तो दोन ताटांच्या फटीतून पक्ष्याच्या डोळ्यावर. तेही साधलं नाही तर मॅन्युअल फोकसवर जा. फोकसची रिंग हाताने फिरवण्यात कमीपणा कसला?

मांडवात

लग्नाच्या फोटोग्राफीवर आपल्या भागातल्या कितीतरी स्टुडिओंचं पोट आहे. तिथे क्षण परत येत नाही. मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो, हार घातले जातात, आणि नेमक्या त्याच क्षणी चहूबाजूंनी अक्षता पडतात. सर्व्होवर असलेला कॅमेरा हवेतल्या अक्षतांवर उडी मारतो आणि नवरा-नवरी दोघंही मऊ होतात. म्हसवडच्या रथावर उधळलेल्या गुलालातही हेच होतं.

यासाठी मागच्या बटणावरचा फोकस शिकून घ्या. या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. नेहमी शटरचं बटण दोन कामं करतं: अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. ही दोन कामं वेगळी करता येतात. फोकसचं काम अंगठ्याखालच्या 'एएफ-ऑन' बटणाला द्यायचं आणि शटरला फक्त फोटोचं. साध्या निकॉनमध्ये 'एई-एल/एएफ-एल' बटणाला 'एएफ-ऑन'चं काम देता येतं, साध्या कॅननमध्ये कस्टम फंक्शनमधून चांदणीच्या बटणाला. मग कॅमेरा कायम सर्व्होवर ठेवा. अंगठा दाबून धरला तर कॅमेरा पाठलाग करतो, अंगठा सोडला तर फोकस तिथेच थांबतो. अंतरपाट खाली आल्या आल्या नवरीच्या डोळ्यावर फोकस घ्या, अंगठा सोडा आणि अक्षता पडत असताना बिनधास्त फोटो काढत राहा. दोघं जागचे हलत नाहीत, अंतर बदलत नाही, आणि कॅमेरा अक्षतांकडे बघतच नाही. सुरुवातीला अंगठा विसरतो. घरातल्या मुलांवर सराव करा, लग्नात नको.

अपर्चरचं भानही हवं. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स सगळ्यांकडे असते आणि सगळे ती एफ/१.८ वरच वापरतात. छोट्या सेन्सरवर दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत शार्प पट्टा अवघा सहा सेंटिमीटरचा उरतो. नवरीचा एक डोळा शार्प, नथ मऊ आणि मुंडावळ्या पुसट. तीन मीटरवरून एफ/४ वर काढलात तर तो पट्टा अर्ध्या मीटरच्या वर जातो आणि दोन्ही चेहरे त्यात बसतात. या लेन्सचा खरा फायदा आणखी एक आहे: डीएसएलआर फोकस करताना अपर्चर पूर्ण उघडंच असतं, म्हणून तुम्ही फोटो एफ/४ वर काढला तरी अंधाऱ्या मांडवात फोकस मिळतो एफ/१.८ च्या उजेडात. किट लेन्स जिथे चाचपडते तिथे ही चटकन बसते.

मधल्या पॉइंटने फोकस घेऊन मग कॅमेरा वळवून चौकट लावण्याची जुनी सवय लांबच्या फोटोला चालते. जवळून, मोठ्या अपर्चरवर चालत नाही. कॅमेरा वळवताना फोकसचं प्रतल सरकतं आणि सहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात तेवढं सरकणं महागात पडतं. पॉइंटच चेहऱ्यावर न्या. चेहरा ओळखणारा कॅमेरा असेल तर ती सोय लावा, पण मांडवात तो करवलीचा किंवा पुढे उभ्या असलेल्या मामांचा चेहराही तितक्याच उत्साहाने पकडतो. कोणाच्या चेहऱ्यावर चौकोन आला आहे ते प्रत्येक वेळी बघा.

पुसेगावच्या रथावर भाविक नोटा अर्पण करतात. नोटांवरची बारीक नक्षी ऑटोफोकसला फार प्रिय असते, त्यामुळे रथाच्या फोटोत नोटा कडक आणि पुढे हात जोडून उभी असलेली आजी मऊ, असं वारंवार होतं. एक पॉइंट, आजीच्या डोळ्यावर. दुसरा इलाज नाही.

निसर्गचित्राला फार शिकण्यासारखं नाही. भूषणगडाचा फोटो पायथ्याच्या पिकासकट हवा असेल तर किट लेन्स १८ मिलिमीटरवर, अपर्चर एफ/८, आणि फोकस साधारण दोन-सव्वादोन मीटरवरच्या दगडावर. सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं शार्प येतं. गडावर फोकस केला तर पुढचं पीक मऊ होतं, एवढंच लक्षात ठेवा.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनी आधी लेन्स रुमालाने पुसावी. खिशातल्या फोनवर बोटांचा तेलकट थर असतोच. पडद्यावर हव्या त्या जागी बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, आणि अक्षतांच्या वेळी हे कुलूप कॅमेऱ्यातल्या अंगठ्याइतकंच कामाला येतं. डिजिटल झूम वापरू नका, दोन पावलं पुढे जा.

एवढं सगळं करूनही डीएसएलआरमध्ये फोकस सतत थोडा पुढे किंवा मागेच पडत असेल, तर लेन्स आणि बॉडीचा मेळ बिघडलेला असू शकतो. दिवसा उजेडात, कॅमेरा तिकाटण्यावर लावून, अपर्चर पूर्ण उघडून, भिंतीवर सपाट चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या मथळ्याचा फोटो घ्या. आधी व्ह्यूफाइंडरमधून, मग लाइव्ह व्ह्यूमधून. अंतर लेन्सच्या फोकल लांबीच्या २५ ते ५० पट, म्हणजे ५० मिलिमीटरला सव्वा ते अडीच मीटर. दर वेळी फोकस आधी बिघडवून पुन्हा घ्या आणि तीन-चार वेळा करा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो दरवेळी जास्त कडक येत असतील तर मेन्यूतली 'एएफ फाइन ट्यून' किंवा 'मायक्रोअॅडजस्टमेंट' सेटिंग वापरा. साध्या कॅमेऱ्यांत ती नसते, तिथे सेवा केंद्र गाठावं लागतं. मिररलेसवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यायला हरकत नाही, कारण तिथे फोकस चित्राच्या सेन्सरवरच मोजला जातो.

शेवटची गोष्ट मधल्या आणि वरच्या श्रेणीतल्या कॅमेरेवाल्यांसाठी. मोड डायलवर यू१, यू२ किंवा सी१, सी२ अशा जागा असतात आणि बहुतेकांच्या कॅमेऱ्यात त्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडून असतात. एकीवर मैदानाची सेटिंग साठवा: सर्व्हो, पॉइंटांचा गट, १/१६००, एफ/८. दुसरीवर मांडवाची: एक पॉइंट, १/२००, एफ/४, मागच्या बटणावर फोकस. सर्व्होमध्ये फोकस बसला नसला तरी फोटो निघावा की बसेपर्यंत कॅमेऱ्याने थांबावं, हेही तिथेच ठरवून ठेवा. निकॉनमध्ये याला 'रिलीज प्रायॉरिटी' आणि 'फोकस प्रायॉरिटी' म्हणतात. शर्यतीला रिलीज आणि बसलेल्या पक्ष्याला फोकस, अशी माझी शिफारस आहे. कामाच्या आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावताना डायल योग्य जागी आहे ना, तेही बघून घ्या.